फाइल पास झाली, गाडी मंगळवारी आली नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
वेळापत्रक व डेटा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: आमच्या बसच्या कागदी वेळापत्रकांचं तुम्ही केलेलं इलेक्ट्रॉनिक रूपांतर सदोष झाल्याबद्दल तक्रार, दुरुस्ती, परतावा आणि नोंदणीचं काम थांबवण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

याच विषयावर मी तुम्हाला इंग्रजीत दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा आधी तक्रार क्रमांक आला आणि चार दिवसांनी 'तक्रारीचं निवारण झालं आहे' असा मेल. काय निवारण झालं ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. फोनवर तुमची मुलं माझ्याशी छान मराठीत बोलतात, म्हणून आता मराठीतच लिहिते. निदान 'गुरुवार' या शब्दाचा तरी घोळ होणार नाही.

आमची कंपनी लहान आहे. उत्तर यॉर्कशायरमध्ये चार बस, सहा ड्रायव्हर आणि कचेरीत मी. वेळापत्रक मीच लावते, नोंदणीचे फॉर्म मीच भरते, प्रवाशांचे फोनही मीच घेते. त्यामुळे तुमच्या फाइलमधली प्रत्येक चूक शेवटी माझ्याच टेबलावर वाजते.

इथली पद्धत तुमच्या नव्या मुलांना कुणी समजावलेली दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. लंडन सोडून इंग्लंडमध्ये लोकल बस चालवायची तर ती ट्रॅफिक कमिशनरकडे, म्हणजे बसचे परवाने देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. आधी २८ दिवस स्थानिक कौन्सिलला कळवायचं, मग अर्ज, आणि अर्जानंतर ४२ दिवसांनी गाडी सुरू. वेळ बदलायची तरी हेच चक्र, प्रत्येक अर्जाला ६० पौंड. आम्ही हे अजून पीएसव्ही ३५० हा नोंदणीचा फॉर्म भरून, सोबत वेळापत्रक जोडून करतो. नोंदवलेली गाडी कारणाशिवाय चुकवली, तर परवान्यावरच्या दर गाडीमागे ५५० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चार गाड्यांचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तुमच्याकडे नेमकी हीच सरमिसळ होते. बस सर्व्हिसेस ॲक्ट २०१७ आणि त्याखालच्या २०२०च्या नियमांनी हे वेळापत्रक ट्रान्सएक्सचेंज या ठरलेल्या, संगणकाला वाचता येणाऱ्या एक्सएमएल स्वरूपात सरकारच्या बस ओपन डेटा सर्व्हिसवर टाकणंही बंधनकारक झालं. वेळापत्रकासाठी मुदत ३१ डिसेंबर २०२०ची होती. गाडी कुठे आहे आणि भाडं किती, ही माहिती त्यापाठोपाठ जानेवारी २०२१पासून. म्हणजे एकाच वेळापत्रकाच्या दोन प्रती. कमिशनरकडची प्रत कायद्याची, आणि ओपन डेटातली प्रत लोकांच्या मोबाइलवर दिसणारी. लोक कमिशनरकडे विचारायला जात नाहीत, मोबाइल बघतात. ही दुसरी प्रत बनवायचे पैसे आम्ही तुम्हाला दिले.

आता गुरुवारबद्दल. रिपनला गुरुवारी बाजार भरतो. तुमच्या-माझ्या भाषेत आठवडे बाजार. त्या दिवशी आमची एक जादा गाडी १०:०५ला निघते आणि खेड्यांतून फिरून बाजाराला जाते. छापील वेळापत्रकात त्या रकान्याच्या डोक्यावर इंग्रजीत 'टीएच' अशी दोन अक्षरं आहेत, म्हणजे फक्त गुरुवार. तुमच्या फाइलमध्ये ही फेरी मंगळवारी पडली. असं का व्हावं, हे मला तीन आठवडे कळेना. शेवटी तुमच्या एका सज्जन मुलीने मधली एक्सेल शीट पाठवली, तेव्हा उलगडा झाला. आमच्या पानाला नेमकी तिथेच घडी होती. स्कॅनमध्ये 'एच' घडीत गेला, उरला नुसता 'टी'. टायपिस्टने 'टी' भरला, पुढच्या माणसाने त्याचा मंगळवार केला, त्याच्या पुढच्याने एक्सएमएल काढलं, आणि तपासणाऱ्या प्रोग्रामने 'पास' म्हटलं. चार हातांतून कागद गेला, पण बाजाराच्या गावाला जाणारी आठवड्यातली एकुलती गाडी बाजार नसलेल्या दिवशी कशी, असं एकाच्याही मनात आलं नाही.

परिणाम ऐका. मंगळवारी दोन गावांमध्ये माणसं पावसात उभी राहिली आणि गाडी आलीच नाही. गुरुवारी गाडी गेली, पण ॲपमध्ये दिसत नव्हती म्हणून नेहमीचे निम्मे लोक घरीच राहिले. एक आजीबाई मला फोनवर म्हणाल्या, तीस वर्षं मी गुरुवारीच जाते, पण नातवाने मोबाइल दाखवला, म्हटलं बदलली असेल. त्या आजीबाईंना तुमचा तक्रार क्रमांक सांगून काय उपयोग होता?

माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक नव्याने रंगवायचा असला की ते पेंटरच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. बाजारच्या गाडीची ओळ लाल रंगात, आणि रंग वाळायच्या आत त्या गावच्या कुणातरी माणसाकडून ती मोठ्याने वाचून घ्यायचे. पेंटर वैतागायचा. मला तेव्हा हसू यायचं, आता येत नाही.

दुसरी चूक ९:३२च्या गाडीची. ही सोमवार ते शुक्रवार रोज धावते. तुमच्या फाइलमध्ये ती ९:२३ आहे. आकडे उलटे झाले, माणसाच्या हातून होतं, मान्य. पण ९:३२ ही वेळ आम्ही लहर लागली म्हणून ठेवलेली नाही. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचा मोफत पास कामाच्या दिवशी सकाळी ९:३०पासून चालतो. दोन मिनिटं उशिरा निघालो की पासवाले सगळे चढतात. ॲपवर ९:२३ दिसलं की त्यांना वाटतं आज पैसे मोजावे लागणार, आणि ते दोन तास थांबून पुढची गाडी बघतात. शिवाय गाडीवरचं यंत्र गाडी कुठे आहे ते दर काही सेकंदांनी सांगत असतं. तुमच्या वेळापत्रकाशी ते ताडलं की आमची ही गाडी रोज ९ मिनिटं उशिरा! कमिशनरच्या लेखी वक्तशीरपणा म्हणजे एक मिनिट लवकर ते पाच मिनिटं उशीर, एवढीच मोकळीक. माझे ड्रायव्हर बिचारे घड्याळ बघून सुटतात आणि कागदावर गुन्हेगार ठरतात.

थांब्यांबद्दल फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. इथल्या प्रत्येक थांब्याला राष्ट्रीय यादीत, म्हणजे नॅपटॅनमध्ये, स्वतंत्र क्रमांक असतो आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे. तुम्ही परतीच्या फेऱ्यांनाही जाण्याच्याच बाजूचे क्रमांक दिले. त्यामुळे ॲपमधला नकाशा माणसाला रस्त्याच्या चुकीच्या कडेला उभा करतो, आणि समोरून गाडी निघून जाते. तसंच 'रॉयल ओक' हा आमचा थांबा तुम्ही नावावरून शोधलात आणि भलत्याच गावातल्या रॉयल ओकचा क्रमांक उचललात. रॉयल ओक नावाचे पब इंग्लंडभर पसरलेत. 'मारुती मंदिर' एवढ्या नावावर महाराष्ट्रात थांबा शोधण्यातलाच हा प्रकार. क्रमांकाचे पहिले आकडे जिल्ह्याचे असतात. आमचे ३२०ने सुरू होतात, तुम्ही टाकलेला ४५०ने, म्हणजे पश्चिम यॉर्कशायर. मार्गावरचे बाकी सगळे थांबे एका जिल्ह्यात आणि मधलाच एक शेजारच्या जिल्ह्यात, हे कुठल्याही तपासणीत दिसायला हवं होतं.

शाळेच्या फेऱ्यांचा प्रकार मला सर्वांत जास्त लागला, कारण त्याची सूचना मी पिवळ्या चिठ्ठीवर हाताने लिहून दिली होती. आमच्या दुपारच्या दोन फेऱ्या जोडीने लिहिलेल्या आहेत: एक शाळा असेल त्या दिवशी, दुसरी सुट्टीत, चार मिनिटांच्या फरकाने. धावते एकच. ट्रान्सएक्सचेंजमध्ये शाळेचं सत्र आणि सुट्ट्यांच्या तारखा वेगळ्या नोंदवून फेरी त्यांना जोडायची सोय आहे. तुम्ही दोन्ही फेऱ्या सोमवार ते शुक्रवार सरसकट लावल्या. परिणामी ॲपमध्ये वर्षभर चार मिनिटांच्या अंतराने दोन गाड्या दिसतात, आणि त्यातली एक भुताची. ऑक्टोबरच्या शेवटी हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, मुलं आणि त्यांच्या आया त्या भुताची वाट बघत उभ्या होत्या. मी तुम्हाला फोन लावला तर तुमच्याकडे दिवाळीची सुट्टी. दिवाळी मलाही आहे हो. फराळाचा डबा टेबलावर उघडा ठेवून मी पालकांचे फोन घेत होते.

यावर तुमचं लेखी उत्तर एका ओळीचं: 'फाइल स्कीमाप्रमाणे वैध असून एकही गंभीर त्रुटी नाही.' वैध आहेच. मंगळवार हा वैध वार आहे, ९:२३ ही वैध वेळ आहे आणि पश्चिम यॉर्कशायरचा रॉयल ओकही वैध थांबा आहे. तुमचा प्रोग्राम फाइलची मांडणी बघतो, आमचा कागद बघत नाही. तो बघायला आम्ही माणसांना पैसे दिले होते.

त्यातच गेल्या महिन्यात तुम्ही 'दुरुस्त' फाइल चढवलीत. ती जुन्या डेटासेटमध्ये नवी आवृत्ती म्हणून न घालता वेगळा डेटासेट म्हणून टाकली आणि जुनीची शेवटची तारीखही बंद केली नाही. दोन्ही चालू राहिल्या. बाजारची गाडी आता मंगळवारीही दिसते आणि गुरुवारीही. ९:२३ आणि ९:३२ तर शेजारीशेजारी.

आता तुमचा पुढचा प्रस्ताव: कमिशनरकडची नोंदणीही कागदाऐवजी तुमच्या फाइलमधूनच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करायची. कल्पनेला माझा विरोध नाही, उलट मला तेच हवं आहे. एकदाच भरायचं, तेच कमिशनरकडे, तेच कौन्सिलकडे, तेच ॲपमध्ये. मग दोन प्रतींमध्ये फरक पडायला जागाच नाही. पण याच कारणाने मी आत्ता थरथरते आहे. हीच फाइल नोंदणीला गेली असती, तर मंगळवारची गाडी कायद्याने नोंदली गेली असती आणि गुरुवारी धावणारी आमची गाडी बिननोंदणीची ठरली असती. परत फिरायला ६० पौंड आणि ४२ दिवस, किंवा अल्प मुदतीच्या अर्जावर कमिशनरची मर्जी. आज निदान कागदावर तरी आम्ही बरोबर आहोत.

म्हणून, नोंदणीच्या कामाचं बीजक रद्द करा आणि तुमच्या लेखी हमीशिवाय त्या कामाला हात लावू नका. जुना डेटासेट याच आठवड्यात बंद करा. सगळ्या फेऱ्या मूळ कागदावरून पुन्हा भरा. स्कॅनवरून नको, मी सपाट केलेली पानं कुरिअरने पाठवते आहे. भरून झाल्यावर एक्सएमएलवरून परत छापील वेळापत्रक काढा आणि मला पाठवा. मी ते माझ्या कागदाशेजारी ठेवून ओळीन् ओळ वाचेन आणि सही केल्यावरच ते चढवा. थांब्यांची यादी नकाशासह, प्रत्येक दिशेची वेगळी. पहिल्या टप्प्याचे, म्हणजे या फाइलच्या कामाचे, पूर्ण पैसे मी परत मागते आहे. त्यात ज्या फेऱ्या बरोबर आहेत त्यांचे कापून घ्यायचे असतील तर घ्या, पण कोणत्या बरोबर आहेत ते आधी तुम्ही मला दाखवा.

मला तक्रार क्रमांक नको. एका जबाबदार माणसाचं नाव आणि थेट फोन हवा. मी कचेरीत तुमच्या दुपारी दीडपासून असते. गुरुवारी मात्र इथल्या सकाळी अकरानंतर करा, त्याआधी मी बाजारच्या गाडीच्या थांब्यावर असेन. गाडी येणार आहे हे लोकांना सांगायला सध्या मीच उभी राहते.

आपली,
वेळापत्रक व नोंदणी पाहणारी ग्राहक

सोबत: घडी पडलेल्या पानाची छायाप्रत, तुमची एक्सेल शीट (तो रकाना पिवळा केला आहे), शाळेच्या फेऱ्यांबद्दलच्या चिठ्ठीची प्रत, दोन मंगळवारच्या ॲपच्या पडद्याची चित्रं.