बाकी राहिलेले रिकॉल आरसीवर दिसू द्या : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी भांडुपला राहणाऱ्या माझ्या भाच्याने पाच वर्षे जुनी छोटी गाडी घेतली, तेव्हा व्यवहाराच्या वेळी मी त्याच्या सोबत होतो. एजंटने चेसिस नंबरवर कागद धरला, पेन्सिल घासून सतरा अक्षरी ठसा उमटवला आणि तो मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 सोबत लावला. विमा, पीयूसी, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, सारे तपासून झाले. दोन महिन्यांनी एसीच्या कामासाठी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तोच नंबर संगणकात टाकला आणि म्हणाली, "काका, हिच्या ड्रायव्हरच्या एअरबॅगचं रिकॉल आहे, काम झालेलंच नाही." रिकॉलच्या, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याच्या, सूचनेचे पत्र पहिल्या मालकाच्या सोडलेल्या घरी गेले होते. एअरबॅग फुकट बदलून मिळाली; पण ते दोन महिने भाचा रोज मुलांना शाळेत सोडायला त्याच गाडीने जात होता, हे आठवले की आजही मन धास्तावते.

नव्या गाडीच्या खरेदीत वेगळाच घोळ होतो. "आमच्या मॉडेलचं एकदाही रिकॉल झालेलं नाही," असे शोरूममध्ये अभिमानाने सांगितले जाते आणि आयुष्यातली पहिली गाडी घेणारे कुटुंब ते गुणपत्रक समजून पैसे भरते. वास्तविक रिकॉल म्हणजे दोष सापडला, तो मान्य केला आणि कंपनीच्या खर्चाने दुरुस्त होणार. रिकॉल झाले नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. तो कोणी शोधला नाही किंवा सांगितला नाही, असेही असू शकते. आणि जाहीर केल्याने विक्री बुडते, ही भीतीही मला पटत नाही. जुलै 2020 मध्ये इंधन पंपातील संभाव्य दोषासाठी मारुतीच्या वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या परत बोलावल्या गेल्या. तरी वॅगन-आर 2021-22 मध्ये आणि पुढच्या दोन्ही आर्थिक वर्षांत देशात सर्वाधिक विकली गेली. उघडपणे सांगणाऱ्या कंपनीकडे ग्राहकाने पाठ फिरवली नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचे कलम 110-अ आले, 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले आणि कंपन्यांवरील दंडाची रक्कम एक कोटीपर्यंत गेली, याबद्दल आपले आभार मानलेच पाहिजेत. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहेत, आणि मध्यमवर्गीय मुंबईकर जी जुनी छोटी गाडी परवडते म्हणून घेतो, ती पुष्कळदा त्याहून जुनी असते.

बँकेचा बोजा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेला असतो आणि तो उतरवल्याशिवाय गाडी सहजासहजी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बाकी राहिलेल्या रिकॉलचीही तशीच नोंद व्हावी. कंपन्यांकडे दोषी गाड्यांची यादी चेसिस नंबरनुसार असते आणि आपल्या 'वाहन' या गाडी-नोंदणीच्या प्रणालीतही तोच नंबर असतो. या दोन्हींची सांगड घालून रिकॉलचे काम झाल्याचा दाखला मिळेपर्यंत हस्तांतरण थांबवावे, नव्या मालकाच्या मोबाइलवर तसा संदेश जावा, आणि यासाठी गाडीच्या वयाची अट नसावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
मुंबईतील एक वाहनधारक