मूळ टेप कुठली, तेवढं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक अल्बमच्या नव्या आवृत्त्यांवर अर्धं पान मजकूर आला होता. ‘रिमास्टर्ड’ (म्हणजे जुन्या टेपेवरचा आवाज नव्याने घासूनपुसून काढलेला) हा शब्द त्यात अकरा वेळा होता (मोजला, बँकेत आयुष्य गेलं, सवय जात नाही). पण हे रिमास्टर कशाशी खातात, ते एकदाही सांगितलेलं नव्हतं. लेखकाने सरसकट सगळंच ‘संग्राह्य’ ठरवून टाकलं. त्या शब्दावर विसंबून कुणी पैसे घालण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या, कारण मी ते आधीच घालून बसले आहे.

मी सहासष्ट वर्षांची. जन्म, शाळा, सासर सगळं गिरगावातच. रॉकची लागण थोरल्या दादामुळे झाली. तो बोटीवर नोकरीला होता. पहिल्या पगारात त्याने काळा घोड्याच्या रिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानातून बीटल्सचा ‘ॲबी रोड’ आणला, तोही दुकानातल्या बूथमध्ये उभं राहून आधी ऐकून. ती तबकडी एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यातली. खोली एकच, त्यामुळे आजी दुपारी आडवी झाली की बीटल्सही गप्प. रिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, दादा त्याच्या आधीच गेला. तबकडी माझ्याकडे आहे. दर पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते, दर ऑक्टोबरात मी ती पुसते.

गेल्या वर्षी भाचीने वाढदिवसाला सत्तरच्या दशकातल्या एका अल्बमची नवी रिमास्टर्ड सीडी दिली. बँडचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, या वयात नोटिसा नकोत. त्याच अल्बमची जुनी सीडी माझ्याकडे होती, दादाने सिंगापूरहून आणलेली. नवी लावली आणि पहिल्या मिनिटात मी हरखले. गिटार कशी अगदी समोर येऊन बसल्यासारखी! चौथ्या गाण्यापर्यंत मात्र डोकं भणभणायला लागलं आणि मी ती बंद करून चहा टाकायला उठले. असं तीनदा झालं. चाळीस वर्षं ज्या अल्बमला मी जागची हलले नाही, त्याच्या मधूनच मी का उठतेय, ते कळेना.

भाची म्हणाली, “आत्या, नवी नुसती जोरात आहे गं. दोन्हींचा आवाज सारखा करून ऐक.” तिने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं, फोन माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि माझ्या टिकल्यांच्या पाकिटातल्या दोन टिकल्या काढून ॲम्प्लिफायरच्या बटणाशेजारी चिकटवल्या. जुन्या सीडीसाठी बटण लाल टिकलीपाशी आणायचं, नवीसाठी हिरवीपाशी, म्हणजे खुर्चीपर्यंत पोचणारा आवाज सारखाच. दोन टिकल्यांत चांगलं बोटभर अंतर पडलं. नवी सीडी मुळातच तेवढी चढवलेली होती. मग मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि ती न सांगता अदलाबदल करत राहिली. टिकल्या लावण्याआधी मी दर वेळी नवीच निवडली होती. टिकल्या लावल्यावर दहापैकी आठ वेळा जुनी.

नंतर तिने दोन्ही सीड्या लॅपटॉपवर घालून आवाजाचे आलेख दाखवले. जुनीचा आलेख सह्याद्रीसारखा, सुळके आणि खिंडी. नवीचा पाटवडीसारखा, वरून-खालून सुरीने सरळ कापलेला.

हे कशामुळे होतं, ते त्या अर्ध्या पानात यायला हवं होतं. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो आणि आकड्यांना वरची मर्यादा असते. त्या छतापलीकडे आवाज जाऊ शकत नाही. मग गाणं जोरात वाटावं म्हणून उंच ठोके दाबतात आणि बाकीचं सगळं वर उचलतात. याला कॉम्प्रेशन आणि लिमिटिंग म्हणतात. आमच्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेत ढोलाचा ठोका पोटात बसतो, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये त्याला जागा असते. डीजेची भिंत येते तेव्हा नुसती खिडक्यांची तावदानं थरथरतात.

मी काही एकटीच कुरकुरी म्हातारी नाही. 2008 मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात सीडीपेक्षा मोकळी वाजतात हे पोरांनीच शोधून काढलं आणि सह्यांची मोहीम काढली. तो नवा अल्बम होता, पण रोग हाच. जुन्यांपैकी स्टूजेस या बँडचा 1973 चा ‘रॉ पॉवर’ घ्या. 1997 मध्ये त्यांचा गायक इगी पॉप याने तो स्वतः नव्याने मिसळला आणि आवाज मोजणारा काटा मुद्दाम लाल भागात ठेवला, म्हणजे मर्यादेच्या वर. गायक डेव्हिड बोवीने केलेलं जुनं मिश्रण त्याला फार बारीक वाटायचं म्हणे. मालकाचीच हौस, आपण काय बोलणार! तरी मला विचाराल तर त्या अल्बमच्या मी दोन्ही आवृत्त्या ठेवीन. गंमत म्हणजे आता या चढाओढीचा उपयोगही राहिलेला नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो, त्याचं माप) या एकाच पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे माझ्या टिकल्यांचंच काम. जोरात केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, दाबलेले ठोके मात्र दाबलेलेच राहतात.

दुसरं, ‘24 बिट, 192 किलोहर्ट्झ’, म्हणजे सीडीहून जास्त तपशील साठवणाऱ्या डिजिटल फाइलींची मापं. आपल्या लेखकाला हे आकडे फार आवडलेले दिसले. साहेब, मी मध्यंतरी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. 250 हर्ट्झपासून सुरुवात (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा जितका मोठा तितका सूर उंच). 2000 पर्यंत मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी बटण दाबत होते. 4000 ला शोधाशोध सुरू झाली. 8000 ला मी वाट बघत बसले आणि त्या काचेपलीकडच्या बाई माझ्याकडे बघत बसल्या. वयाप्रमाणे ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. तरण्याताठ्या कानाला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि साध्या सीडीत त्याच्या थोडं वरपर्यंत मावतं. 192 किलोहर्ट्झच्या फाइलीत 96 हजार हर्ट्झपर्यंतचं काही असू शकतं, पण ते वटवाघळांच्या कामाचं. आणि 1969 चे अल्बम घेणारं गिऱ्हाईक बहुतेक माझ्याच वयाचं.

मग नवं घेऊच नये का? घ्यावं की. रिमास्टर आणि रिमिक्स यांतला फरक ओळखून घ्यावं. आमटी एकदा झाली की वरून मीठ, लिंबू, तुपाचा थेंब एवढंच करता येतं, ते रिमास्टर. त्यात तयार झालेली दोन चॅनलची (डावा-उजवा) टेपच हातात असते. रिमिक्समध्ये डाळ, फोडणी, मसाला वेगवेगळ्या भांड्यांत परत मिळतात, म्हणजे वाद्यं आणि गळे वेगवेगळ्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) असलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपा. जेथ्रो टल या बँडचा 1971 चा ‘ॲक्वालंग’ माझ्या आठवणीत कायम ओल्या गोधडीखाली वाजायचा. 2011 मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने तो मल्टिट्रॅकवरून नव्याने मिसळला आणि गोधडी उचलली. तो मी विकत घेतला, आणि पैसे वसूल.

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्वर’ची गोष्ट याहून न्यारी. 1966 मध्ये चार ट्रॅकची टेप. ड्रम, बेस, गिटार एकाच ट्रॅकवर एकत्र, त्यामुळे ते वेगळे करणं अशक्यच. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या माणसांनी बीटल्सवरच्या ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी जे सॉफ्टवेअर तयार केलं, त्याने हे आवाज एकमेकांतून सोडवले आणि 2022 मध्ये निर्माता जाइल्स मार्टिनने नवं मिश्रण केलं. भिजवलेल्या मिसळीतून फरसाण कुरकुरीत बाहेर काढण्यातला प्रकार. मी भाचीच्या घरी ऐकलं, बेसची बोटं ऐकू येतात.

नुसतं रिमास्टर असूनही घ्यावं असं उदाहरण म्हणजे बीटल्सचेच 2009 चे संच. 1987 च्या सीड्यांनंतर बावीस वर्षांनी आले, ॲबी रोड स्टुडिओत चार वर्षं काम चाललं होतं. एकूण 525 मिनिटांच्या संगीतात खरखर काढण्याची यंत्रणा पाच मिनिटांहून कमी वापरली. मोनो (एकाच चॅनलच्या) संचात लिमिटिंग केलंच नाही. असा हिशेब कुणी मांडला की माझ्यातली कारकून खूश होते.

जाता जाता एक, रॉक नसलं तरी. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू रेकॉर्ड करताना यंत्र हळू चाललं होतं, त्यामुळे त्या तबकडीवरची तीन गाणी कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात वाजत राहिली. दुसऱ्या, बरोबर चाललेल्या यंत्राची टेप होती, तिच्यावरून 1990 च्या दशकात सूर दुरुस्त झाला. याला म्हणतात नवी आवृत्ती काढायचं कारण.

आणि तबकडीचं ते 180 ग्रॅम वजन! साडेचार हजारांची जी तबकडी मी घेतली, तिच्यावर हाच शिक्का सोनेरी अक्षरांत होता. वजनावर घ्यायला ती काय सुरमई आहे? जाड तबकडी सहसा वाकत नाही, हातात घ्यायला बरी वाटते, इतकंच. आवाज टेपेतून आणि ती कापणाऱ्याच्या कानातून येतो. कानाच्या बाबतीतही फार ताठा नको. जुने अल्बम पुन्हा काढणाऱ्या अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या तबकड्यांना निव्वळ ॲनालॉग (कुठेही आकड्यांत न बदललेल्या) समजून जाणकारांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं. 2022 मध्ये कळलं की त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांत मध्ये डिजिटल टप्पा होता. तोवर कुणाच्या कानाला तो टोचला नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच: अशा आवृत्तीची बातमी देताना ती रिमास्टर आहे की रिमिक्स, कुठल्या टेपवरून केली आणि कुणी केली, एवढं छापत जा. कंपनीच्या पत्रकात ते नसेल तर ‘पत्रकात नाही’ असंही छापा. गुळगुळीत कागदावरच्या बॉक्ससेटचा फोटो थोडा लहान केलात तर जागा होईल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
गिरगाव, मुंबई 4

ता. क. दिवाळीला ‘रिव्हॉल्वर’ आणू का, असं भाची विचारत होती. आण म्हटलंय. टिकल्या अजून ॲम्प्लिफायरवर आहेत, हिरवीचा गोंद सुटत आलाय.