विश्वासांगीकारातली ती ओळ

चि. बाळा,

आईचे अनेक आशीर्वाद.

पोचलास, डबा सांडला नाही, हे फोनवर कळलं. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. फोनवर तू 'हो गं, हो गं' म्हणून विषय मिटवतोस, म्हणून लिहायला बसले.

ईस्टरला चर्चमध्ये तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, सुरू झाला. तुझा आवाज पप्पांवर गेलाय, खालच्या पट्टीतला, त्यामुळे शंभर माणसांत मला तो वेगळा ऐकू येतो. 'पापांची क्षमा' इथपर्यंत होता. 'शरीराचे पुनरुत्थान', म्हणजे मेलेलं शरीर पुन्हा उठणं, ही ओळ आली आणि तो बंद झाला. पुढे आमेनलासुद्धा तू नव्हतास. मी मान वळवली नाही. पाळकसाहेबांनी बसायला सांगितलं तेव्हा तू उपासनासंगीताच्या, गाण्यांच्या पुस्तकात डोकं घातलंस आणि पान भलतंच उघडलं होतंस.

मी रागावलेली नाही. पप्पा गेल्यावर तीनचार महिने मीही त्या ओळीला नुसते ओठ हलवत होते. तुझ्यासारखं प्रामाणिकपणे तोंड मिटायचं धैर्य माझ्यात नव्हतं, कारण मागच्या बाकावर महिला मंडळ बसतं.

तुला वाटत असेल विश्वासांगीकार म्हणजे परीक्षेचा पेपर, एक प्रश्न सुटला की गेलो. पण तो जन्मला बाप्तिस्म्याच्या पाण्यात. पहिल्या काही शतकांत रोमसारख्या ठिकाणी बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात उभं करून विचारत: पित्यावर विश्वास ठेवतोस का? तो म्हणे, ठेवतो. मग एकदा बुडवत. मग पुत्राबद्दल, मग पवित्र आत्म्याबद्दल. तीन प्रश्न, तीन बुडक्या. त्या उत्तरांत भर पडत पडत आपला आजचा मजकूर झाला, तो साधारण आठव्या शतकात ठरून गेला. बारा प्रेषितांनी बसून एकेक ओळ सांगितली, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये सांगायचे, ती दंतकथा.

तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू चार महिन्यांचा होतास. प्रश्न तुझ्याबद्दल होते, उत्तरं आम्ही दिली. पप्पा मोठ्यांदा 'ठेवतो' म्हणाले आणि तू त्यांच्या एकुलत्या एका कोटावर दूध ओकलास. तेव्हा तुझ्या वतीने दुसऱ्याने म्हटलेलं चाललं, तर आताही एक ओळ काही दिवस मी म्हणीन. म्हण किंवा नको म्हणू. पण ती ओळ काय सांगते, ते नीट कळून मग गप्प राहा. आपल्यातल्याच निम्म्या लोकांना ती कळलेली नसते.

आधी तुझ्या ऑफिसातल्या मित्राचं. त्याने विचारलं, 'तुमचे तीन देव म्हणजे दत्तासारखं का?' आणि तू हसून चहा प्यायलास. त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं रे, उत्तर द्यायचं. तीन देव नाहीत, देव एकच. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्याने वेळेनुसार घेतलेली सोंगंही नाहीत. पाणी-बर्फ-वाफ हा शाळेतला दाखला विसरून जा, त्यात एकच वस्तू रूपं बदलते. येशू यार्देन नदीत उभा होता तेव्हा आत्मा कबुतरासारखा उतरला आणि पित्याची वाणी झाली; तिघे एकाच वेळी हजर. यावरच 325 साली नायसियाला, म्हणजे आताच्या तुर्कस्तानात, बिशप लोकांची सभा भरली. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळक म्हणत होता, पुत्रही देवाने निर्माण केलेलाच, फक्त सगळ्यांच्या आधी. सभेने म्हटलं, नाही, पुत्र पित्याशी एकच तत्त्व. त्यांचा मजकूर 'आम्ही' या शब्दाने सुरू होतो, हे मला फार बरं वाटतं. हिशेब जुळवायला बसले तर मलाही हे सुटत नाही. पण 'देव प्रीती आहे' असं योहान लिहितो ना, तर जग नव्हतं तेव्हा देव प्रीती कोणावर करत होता? तिघांपाशी आलं की त्या प्रश्नाला निदान दार सापडतं.

पंडिता रमाबाई इथेच अडल्या होत्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि मग त्रैक्यावरून, म्हणजे याच एकात तीनवरून, तिथल्या सिस्टरशी पत्रांतून कडाक्याचा वाद. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हेही भांडण. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. याच बाईने केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तेव्हा तुझ्या एका ओळीचं मला फार टेन्शन नाही.

पिलाताचं आठवतं? तू सात वर्षांचा असताना विचारलं होतंस, 'पंतय पिलात म्हणजे पगडीवाले पंत का?' पप्पा आठवडाभर हसत होते. देवाच्या, मरियेच्या नावाबरोबर विश्वासांगीकारात दर रविवारी एका रोमी अधिकाऱ्याचं नाव का घ्यायचं, तर तारीख पक्की व्हावी म्हणून. येशूचं मरणं आणि उठणं कधीतरी, कुठेतरी झालं असं नाही. हा माणूस यहूदियाचा सुभेदार असताना झालं. 1961 साली कैसरियात त्याच्या नावाचा कोरलेला दगडही सापडला. आपला विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर टेकलेला आहे, आणि ती घडली नसेल तर सगळंच फुकट, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात स्वच्छ लिहिलंय.

'पापांची क्षमा' तू म्हटलंस, पण त्यातला पप्पांचा किस्सा तुला माहीत नाही. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला, फुकटाचं घ्यायची सवय नाही. डायलिसिसला जाताना रिक्षात म्हणाले, 'मी ना कमिटीवर, ना प्रार्थनासभेला. मला वर कोण विचारतंय?' घरी आल्यावर मी बायबलातलं इफिसकरांस पत्र काढून पुढे ठेवलं. कृपेनेच तारण झालंय, हे देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, कोणी आढ्यता बाळगू नये. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'म्हणजे वशिला.' मी म्हटलं, हो, वशिलाच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे दुसरं काय होतं?

आता तुझी ओळ.

पप्पांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, डायलिसिससाठी केलेला फिश्चुला होता. शिरेला धमनी जोडतात, मग तिथे कातडीखाली रक्त जोरात वाहतं आणि बोट ठेवलं की थरथर लागते, मांजर पोटात गुरगुरतं तशी. ती थरथर थांबली तर फिश्चुला बंद पडला समजायचं. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, तरी साडेतीन वर्षं रोज रात्री झोपताना माझी दोन बोटं तिथे असायची. त्यांना वाटायचं मी हात धरते. तेही खरंच होतं. ऑगस्टात त्या पहाटे मी सवयीने बोटं ठेवली आणि खाली काहीच नव्हतं. मग मी पाणी गरम केलं आणि त्यांना स्वतः पुसून घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तू तेव्हा बसमध्ये होतास.

मातीला आलेल्या शेजारच्या काकूंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, 'शरीर म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा अमर असतो, तो गेला नवीन वस्त्र घ्यायला.' त्यांनी मायेने म्हटलं आणि त्यांच्या विश्वासाप्रमाणे म्हटलं, मी त्यांचे हात धरून रडले. आपल्यातलेही तेच म्हणत होते फक्त वेगळ्या शब्दांत: 'सुटले बिचारे, शरीराच्या कटकटीतून.' मी मनात म्हणत होते, मी ज्याला चोवीस वर्षं भाकरी वाढली, ते वस्त्र नव्हतं. ते पप्पाच होते.

आणि आपला विश्वास नेमका माझ्या बाजूचा निघाला. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीने 'आत्म्याचे अमरत्व' असं लिहिलं असतं तर ग्रीक पंडितांनी माना डोलावल्या असत्या. अथेन्सला पौल मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलला तेव्हाच त्याची थट्टा झाली. तरी लिहिलं, शरीर. कारण उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. तिबिर्याच्या समुद्रकाठी कोळशाचा विस्तव करून त्यांना न्याहारीला बोलावलं. शंका घेणाऱ्या थोमाला म्हणाला, बोट इकडे कर. उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण होते, हे मला नर्स म्हणून फार मोठं वाटतं. व्रण राहिले, दुखणं राहिलं नाही. मग पप्पांच्या हातावरची ती जागाही राहील का? मला वाटतं राहील. हे पाळकसाहेबांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

तुझी शंका मी ओळखते. सहा महिन्यांत जमिनीखाली काय होतं ते तुलाही माहीत आहे, मला तुझ्याहून जास्त. ही शंका नवी नाही. 177 साली फ्रान्समधल्या ल्योंला ख्रिस्ती लोकांना मारलं, त्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत सोडली, मुद्दाम, की बघू आता हे कसे उठतात. तरी मागे उरलेल्यांनी ओळ खोडली नाही. तेच हाड, तीच कातडी गोळा होईल असं पौलही म्हणत नाही. तो दाण्याचा दाखला देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते त्याहून निराळं, पण ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच येते. कसं, ते त्याने सांगितलेलं नाही. अशा वेळी तो गप्प बसतो तेव्हा मला तो जास्त खरा वाटतो.

आणखी एक जागा बघून ठेव. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर जातात, उठलेला येशू समोर उभा, ते त्याला नमन करतात. आणि तिथेच लिहिलंय, कित्येकांना संशय वाटला. समोर उभा असताना! आणि त्याने संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही, जगात जा म्हणून सगळ्यांना एकत्रच धाडलं. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला रडून म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' डायलिसिस युनिटच्या बाहेरच्या बाकावर मी एवढीच प्रार्थना करायची. मोठी सुचायची नाही.

असो. कामाचं राहिलं. कबरीचा दगड झालाय. मिस्तरी अक्षरावर पैसे घेतो, म्हणून नाव, दोन तारखा आणि खाली एकच ओळ. मला ती विश्वासांगीकारातली हवी होती, पण तू ज्या ओळीला गप्प होतोस ती बापाच्या दगडावर तुला न विचारता कोरायची हे मनाला पटेना. नाहीतर बायबलातलं तेविसावं स्तोत्र आहेच, सगळ्यांचं असतं ते. दोन्हीतलं काय ते शनिवारच्या आत कळव, सोमवारी तो श्रीरामपूरच्या कामावर जातोय. आणि येताना पप्पांचा तो तपकिरी स्वेटर परत आण, तू नेलास ते मी पाहिलंय. धुऊ नकोस.

तुझी,
आई