ताईच्या वाट्याबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर गळा भरून येतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय.

बाबा, भाऊबीजेला ताई आली की तिचं हक्कसोडपत्र उरकून घेऊ, असं तुम्ही म्हणालात. मला ते नको आहे. वाटप करायचं तर तिचा वाटा माझ्याइतकाच निघू दे, सातबाऱ्यावर तिचं नाव लागू दे.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना ताई थंडीत वाकून उन्हाळ कांद्याची लागण करत होती. मला मात्र अभ्यास आहे म्हणून कुणी उठवलं नाही.

आत्याची सही झाली तेव्हा मी सातवीत होतो. येताना तिला साडी घेतली. बहिणीने मन मोठं केलं, असं सगळे म्हणाले. पुढे तिचे यजमान आजारी पडले, तेव्हा ती पैशासाठी आली आणि ओसरीवरच बसून राहिली. तुम्ही लगेच दिलेत, पण तिने ते उसने म्हणून घेतले आणि पै न पै फेडली. जन्मल्या घरात ती पाहुणी झाली होती. ताईचं तसं झालेलं मला बघवणार नाही.

आई, १९८६ ला तू चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेली होतीस. बाबा, शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून तुम्ही एक एकर आईच्या नावावर केलंत. पारावरची माणसं हसली, तरी केलंत. आत्याच्या वेळी आजोबांच्या शब्दाबाहेर तुम्हाला जाता आलं नाही, हे मी समजू शकतो. मला तर कुणीच अडवत नाहीये.

उद्या ताईने जमीन विकली तर, असं तुम्ही विचाराल. विकू दे, तिची आहे.

पुण्यातल्या फ्लॅटला पैसे कमी पडतील, हे खरं. तुमच्या सुनेशी बोललोय, अजून काही वर्षं भाड्याच्या घरात राहू.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. भाऊबीजेला ती आली की तुम्हीच सांगा, बाबा. तुमच्या तोंडून ऐकलेलं तिला जास्त आवडेल.

तुमचा,
बाळू