बँड कुठून ऐकायला घ्यावा?

प्रिय चिकू,

तुझा मेसेज वाचला. ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचे संग्रह, ऐकणारे खरे फॅन नसतात, बँड ऐकायचा तर पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकायचा असं तुझे मित्र म्हणतात ना? अजिबात मनावर घेऊ नकोस. पन्नास वर्षं जुन्या बँडचे दहा-पंधरा अल्बम एकदम समोर आले की कोणीही गांगरतो, आणि कित्येक बँडचे पहिले एकदोन अल्बम तसे यथातथाच असतात, स्वतःचा आवाज अजून सापडलेला नसतो त्यांना, मग तिथेच कंटाळून माणूस सोडून देतो आणि पुढचं सगळं सोनं राहून जातं. तू बिनधास्त हिट्सपासून सुरू कर. फक्त तो अल्बम कधी आला, कोणी काढला आणि त्यात काय नाहीये एवढं बघत जा.

हे का सांगतेय ते बघ. ईगल्सचा 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक, २०१८ मध्ये त्याला ३८ वेळा प्लॅटिनमचं (तिथे दहा लाख खपाला एक प्लॅटिनम) सर्टिफिकेट मिळालं. पण नावातच १९७१ ते १९७५ असं लिहिलंय आणि तो आला फेब्रुवारी १९७६ मध्ये. 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, म्हणजे ज्या गाण्यासाठी अर्धी दुनिया ईगल्स लावते तेच त्यात नाही. गिटारिस्ट जो वॉल्श हा बँडमध्ये आला तोही या गाण्यांनंतर, त्यामुळे त्याची गिटार तुला तिथे ऐकूच येणार नाही. अल्बम मस्तच आहे, पण ती ईगल्सची अर्धीच ओळख, आणि हे माहीत नसेल तर तू म्हणशील की हा तर नुसता गोडगोड गाण्यांचा बँड आहे.

रोलिंग स्टोन्सचा 'हॉट रॉक्स'ही असाच. तो १९७१ च्या शेवटी आला आणि काढला तो बँड ज्यांना सोडून गेला होता त्या जुन्या मॅनेजरने आणि रेकॉर्ड कंपनीने. निवड झकास आहे, साधारण काळाच्या क्रमाने आहे, पण त्यांचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' हा अल्बम १९७२ चा, म्हणून त्यातलं काहीच नाही.

आता बीटल्स. इथे मात्र तुझ्या मित्रांचं म्हणणं साफ चुकतं, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) वेगळं आणि अल्बम वेगळा असायचा, सिंगल म्हणून विकलेलं गाणं पुन्हा अल्बममध्ये घालायचं नाही असं बरेचदा चालायचं. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' १९६७ च्या सुरुवातीला सिंगल म्हणून आली आणि त्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर' अल्बममधून बाहेर राहिली. 'हे जूड'ही सिंगलच. म्हणजे तू इंग्लंडमधले अल्बम पहिल्यापासून ओळीने प्रामाणिकपणे ऐकलेस तरी ही गाणी तुला त्यांत भेटणारच नाहीत! १९७३ मध्ये दोन डबल अल्बम आले, लाल १९६२ ते ६६ आणि निळा १९६७ ते ७०, सगळे त्यांना रेड आणि ब्लूच म्हणतात. दोन्ही कव्हरवर त्याच जिन्यातून खाली बघणारी तीच चार माणसं आहेत, एक फोटो १९६३ चा, दुसरा १९६९ चा, आणि सहा वर्षांत ती पोरं कुठल्या कुठे गेली हे चेहऱ्यांवरच दिसतं. गाणी क्रमाने असल्यामुळे तेच कानांनाही कळतं. माझ्या मते बँडशी ओळख करून देणारे याहून चांगले अल्बम झालेले नाहीत. २००० मध्ये आलेला 'वन' घेऊ नकोस, त्यात फक्त नंबर वन गेलेली २७ गाणी आहेत, त्यामुळे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'सुद्धा बाहेर.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल तुला आवडेलच. त्यांचा १९७६ चा 'क्रॉनिकल' घे, २० गाणी आहेत. तो बँड छोट्या, नेमक्या गाण्यांचाच होता आणि तो एक अल्बम ऐकून तू थांबलास तरी मी काही म्हणणार नाही.

पिंक फ्लॉइडसाठी मात्र माझं ऐक, तिथे हिट्स नकोतच. त्यांची गाणी एकमेकांत मिसळलेली असतात, 'डार्क साइड ऑफ द मून' मधलं एखादं गाणं उचलून दुसऱ्या कशाशेजारी ठेवलं की त्याचा श्वासच तुटतो. १९८१ च्या संग्रहात तर 'मनी' हे मूळ रेकॉर्डिंग नाहीच, परवानगी मिळाली नाही म्हणून बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर याने ते नव्याने रेकॉर्ड केलं. २००१ चा 'एकोज' खूप काळजीने जोडलाय, पण ज्या गाण्यावरून त्याचं नाव आहे ते मूळ साडेतेवीस मिनिटांचं, तिथे सोळाच्या आसपास उरलंय. तुझ्याकडे पाऊण तास असेल तेव्हा फोन बाजूला ठेवून 'डार्क साइड' सलग ऐक. 'एकोज'पेक्षा तर खूपच कमी वेळ लागतो रे.

ही कापाकापी सगळीकडेच बघावी लागते. डोअर्सचं 'लाइट माय फायर' कुठे दिसलं तर आधी त्याची लांबी बघ. अल्बममधलं सात मिनिटांचं आहे आणि रेडिओसाठी केलेलं तीनच्याही आत, मधले ऑर्गन आणि गिटारचे सोलो उडवलेले, म्हणजे जे ऐकायचं तेच नाही.

लेड झेपेलिनने बँड चालू असताना इंग्लंडमध्ये सिंगल काढायचंच टाळलं, त्यामुळे हिट्स हा शब्दच त्यांना नीट लागू होत नाही. तरी २००७ चा 'मदरशिप' चालेल, तिघा हयात मेंबरनी स्वतः निवडलाय आणि क्रमाने आहे.

आणि ॲपवर बँडच्या नावाची जी तयार प्लेलिस्ट येते ना, तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. आधी कुठलं, नंतर कुठलं हे तिथे कळतच नाही, सगळं एकाच दिवशी रेकॉर्ड केल्यासारखं वाटतं. संग्रह कोणीतरी बसून लावलेला असतो, पहिलं गाणं कुठलं, शेवटचं कुठलं यावर डोकं लावलेलं असतं.

तू क्वीनपासून सुरू कर. १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स', इंग्लंडमधला १७ गाण्यांचा, तिथला आजवरचा सर्वात जास्त खपलेला अल्बम. क्रम काळाप्रमाणे नाही, म्हणून प्रत्येक गाण्याचं वर्ष शोधून बघ, १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि लगेच १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लागतं, हाच बँड एवढा कसा बदलला असा प्रश्न तुला पडायलाच हवा. मग जे गाणं तू पुन्हा पुन्हा लावशील त्याचा मूळ अल्बम शोध. 'ऱ्हॅप्सडी'च असेल तर 'अ नाइट ॲट द ऑपेरा', आणि त्यातलं गिटारिस्ट ब्रायन मे याचं आठ मिनिटांचं 'द प्रॉफेट्स साँग' हेडफोन लावून ऐक, मधे गायक फ्रेडीचा आवाज स्वतःच्याच आवाजामागे धावतो, ते कुठल्याच हिट्समध्ये बसणारं नाही आणि मला ते फार म्हणजे फारच आवडतं.

सतरापैकी कुठलं परत लावलंस ते लगेच कळव, त्यावरून पुढचा अल्बम सांगते.

तुझी,
आई