आठ इंची दुर्बीण घ्यायचीय, ठाणेकरांनो हातभार लावा

नमस्कार मंडळी,

आम्ही नौपाड्यातल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी जमतो, वीस-बावीस जण आहोत, कॉलेजची पोरं, दोन रिटायर्ड मास्तर, एक रिक्षावाले काका, एक नर्सताई ड्युटी नसेल तेव्हा. आकाशाचं वेड सगळ्यांना सारखंच. महिन्यातून एकदा तलावपाळीला नाहीतर उपवनला दुर्बीण लावतो, पैसे घेत नाही, ज्याला बघायचंय त्याने रांगेत उभं राहायचं.

लोक बघतात ते गुरूचे चार चंद्र, चंद्रावरचे खड्डे, पण खरी मजा असते दुर्बिणीवरून डोळा बाजूला काढल्यावर जे विचारतात त्यात. दिवाळीनंतर एका शनिवारी एक आजी आल्या होत्या, त्यांना अभिजित तारा दाखवला, पश्चिमेला खाली उतरत होता. म्हटलं आजी हा २५ प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे तुम्ही बघताय तो प्रकाश २५ वर्षांपूर्वी तिथून निघालाय. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, मग तिथून आपल्याकडे कुणी बघत असेल तर त्यांना आत्ता २५ वर्षांपूर्वीचं ठाणं दिसत असेल ना? हो म्हटलं, तेवढी प्रचंड दुर्बीण असती तर तसंच दिसलं असतं. तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे तिथे अजून रोज सकाळची फास्ट पकडतायत." आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही, आणि मागे रांगेत उभे होते तेही गप्प झाले.

त्या रात्री घरी जाताना आमच्यात दोन तास वाद झाला, कोपरीच्या पुलाजवळ उभे राहून, की गेलेला क्षण खरंच जातो का, की त्याचा प्रकाश फक्त आपल्यापासून लांब लांब जात राहतो. कुणाचंच पटलं नाही. नर्सताई म्हणाली मी रोज ज्या रक्ताच्या पिशव्या लावते त्यातलं लोखंड कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात शिजलंय आणि तो तारा फुटला म्हणून आपण आहोत, तर मग मेला कोण आणि जगला कोण हे आधी ठरवा. याला उत्तर नाहीये आमच्याकडे, पण असे प्रश्न गप्पांमध्ये यायला हवेत असं मनापासून वाटतं. डॉ. जयंत नारळीकर गेले मे २०२५ मध्ये, विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली असं सगळं जग मानत असताना ते आयुष्यभर त्यावर शंका घेत राहिले, आणि हे सगळं त्यांनी आपल्याला मराठीत सांगितलं. बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण प्रश्न विचारायची ती हिंमत आमच्या पोरांमध्ये यावी एवढंच.

आता अडचण. आमची चार इंची दुर्बीण बारा वर्षं चालली, पण दोन पावसाळ्यांच्या दमट हवेने आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर गेलाय, गुरूसुद्धा धुरकट दिसतो. म्हणून आठ इंची डॉबसोनियन घ्यायचीय, ती साधी असते, मोटर नाही काही नाही, पेटीसारख्या स्टँडवर बसते आणि हाताने फिरवायची. आठ इंची आरसा जुन्या चार इंचीच्या चौपट प्रकाश गोळा करतो आणि नुसत्या डोळ्याच्या साधारण ८०० पट. ठाण्यातल्या दिव्यांच्या उजेडात हा फरक फार मोठा आहे, आणि वांगणीच्या अंधारात नेली तर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, पोरांना नीट दाखवता येईल, तिचा प्रकाश निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी अजून झालाच नव्हता, २५ लाख वर्षं झाली.

दुर्बीण, एक जादा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि पावसाळ्यात ठेवायला हवाबंद पेटी असं मिळून ६५ हजार धरलेत. त्यातले २१ हजार आम्ही आपसात जमवलेत.

दुसरा खर्च बसचा. कळवा आणि लोकमान्यनगरच्या चाळीस मुलांना नारायणगावजवळ खोडदला न्यायचंय, माळशेजमार्गे, आपल्या महाराष्ट्रातली एवढी मोठी रेडिओ दुर्बीण बघायला, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की तिने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला जो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. आपली पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची. म्हणजे तो सिग्नल निघाला तेव्हा ही जमीनसुद्धा नव्हती, आणि तो येऊन पोचला जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांच्या बागांशेजारी! हे मुलांनी तिथे उभं राहून ऐकावं, मोबाईल बंद करून, कारण त्या डिशना मोबाईलच्या लहरींचा त्रास होतो. बस आणि जेवण मिळून २० हजार.

शंभर रुपये दिलेत तरी चालेल, पाचशे दिलेत तर उत्तमच. पैसे वाचनालयाच्या काउंटरवर द्या आणि पावती नक्की घ्या, ऑनलाइन द्यायचे असतील तर क्यूआर कोड तिथेच लावलाय, कुणी फॉरवर्ड केलेल्या नंबरवर पाठवू नका. हिशोब दर महिन्याला नोटीस बोर्डवर लागेल. माळ्यावर पडलेली दुर्बीण नाहीतर बायनॉक्युलर असेल तर तीही आणा, बुरशी आलेली असली तरी चालेल, काका साफ करतात.

आणि त्या आजी पुन्हा आल्या नाहीत. त्या नाव सांगून गेल्या नव्हत्या, हे वाचणाऱ्या कुणाच्या ओळखीच्या असतील तर त्यांना निरोप द्या, नवी दुर्बीण आली की पहिला नंबर त्यांचा.