पंख्यावर तारे आहेत, सुटे भाग कुठे आहेत?

महोदय,

वीज आणि पाणी वाचवणाऱ्या नव्या घरगुती वस्तूंवर हल्ली वर्तमानपत्रांत बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. त्यामागची कल्पकता खरोखर दाद देण्याजोगी असते. पण या वस्तू बिघडल्यावर काय, याची चर्चा फारशी होत नाही. म्हणून हे पत्र.

बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, पंखाच घ्या. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट वीज घेतो, हा 30 वॉटच्या आसपास भागवतो. जुन्या मोटरच्या फिरत्या भागात वीज प्रेरित व्हावी लागते आणि त्यात बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते. नव्या मोटरमध्ये तिथे कायमचे चुंबकच बसवले आहेत. वाइंडिंगला, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांना, केव्हा किती वीज द्यायची, हे एक छोटे सर्किट ठरवते. रोज दहा तास आणि वर्षातले 300 दिवस धरले, तरी एका पंख्यामागे 135 युनिट वाचतात. शिवाय वीज गेली की इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जिथे एक पंखा चालायचा, तिथे दोन चालतात. म्हाताऱ्या माणसांच्या घरात उन्हाळ्यात याचे मोल काय असते, ते वेगळे सांगायला नको.

आमच्या घरातला असा एक पंखा वॉरंटी संपल्यानंतर बंद पडला. आमच्या नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियन काकांची उभी हयात पंखे दुरुस्त करण्यात गेली आहे. कंडेन्सर बदलणे, बेअरिंग ठोकणे, जळालेली वाइंडिंग पुन्हा भरणे हे सगळे त्यांच्या हातचे काम. त्यांनी पंखा उतरवून उघडला. वाइंडिंग शाबूत, बेअरिंग ठणठणीत, फक्त सर्किट उडालेले. तो बोर्ड बाजारात कुठेच मिळेना. कंपनीकडे चौकशी केली तर उत्तर आले, "ते मॉडेल बंद झाले, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या." तळहाताएवढ्या बोर्डापायी तांबे, चुंबक, पाती, सगळा चांगला पंखा भंगारात गेला. काकांना फार वाईट वाटले. मलाही वाटले, कारण वीज वाचवायची म्हणूनच तो पंखा घेतला होता.

दोन बटणांच्या फ्लशचेही असेच. ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी 1980 मध्ये तो बनवला. मोठ्या बटणाला 11 लिटर, छोट्याला त्याच्या निम्मे. पुढे हे प्रमाण खाली येत येत साडेचार आणि तीन लिटरपर्यंत उतरले. कल्पना इतकी साधी की कोणाला सवय बदलायला सांगावी लागत नाही. पण त्याच्या टाकीच्या तळाशी व्हॉल्व्ह असतो. त्याचा रबरी वायसर झिजला किंवा त्यावर क्षार बसले की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते. ब्रिटनमधल्या जुन्या सायफनच्या टाक्यांमध्ये पाण्याला वळणावरून वर चढावे लागे, त्यामुळे अशी गळती होत नसे. 2020 मध्ये लंडनच्या थेम्स वॉटरनेच सांगितले की गळक्या फ्लशमधून जाणारे पाणी आता, या फ्लशमुळे जेवढे वाचायला हवे होते त्या पाण्यापेक्षा जास्त झाले आहे. वाचकांनी आपल्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून, अर्धा तास फ्लश न वापरता पाहावे. भांड्यात रंग उतरला तर वायसर बदलायला हवा. तो वेळेवर आणि बेताच्या किमतीत मिळाला तरच त्या दोन बटणांना अर्थ आहे.

नळाच्या तोंडाला बसवायची, पाण्यात हवा मिसळणारी जाळीही याच माळेतली. मार्च 2024 मध्ये पाणीटंचाई असताना बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने अशा जाळ्या व्यापारी जागा आणि निवासी संकुलांच्या सामाईक नळांना सक्तीच्या केल्या, ते योग्यच झाले. आमच्याकडे मात्र बोअरच्या पाण्याचे क्षार अडकून धार बारीक झाली की प्लंबर जाळी काढून खिडकीत ठेवतो आणि निघून जातो. हाताने फिरवून निघणारी, रात्रभर व्हिनेगरमध्ये घालून साफ होणारी जाळी बनवणे अवघड नाही. तशा मिळतातही, पण दुकानात मागून घ्याव्या लागतात.

1 जानेवारी 2023 पासून आपल्याकडे छताच्या पंख्यांना तारांकन (स्टार लेबल) सक्तीचे झाले. ते तारे फक्त विजेचा हिशोब सांगतात. फ्रान्सने 2021 मध्ये मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. त्यात सुटे भाग मिळण्याचेही गुण धरले होते. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानेही 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चे, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल सुरू केले. दिशा बरोबर आहे, ते पंख्यापर्यंत आणि फ्लशच्या वायसरपर्यंत पोचले पाहिजे.

माझी मागणी अशी की हे तारे देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ताऱ्यांच्या त्याच चिठ्ठीवर सर्किट बोर्ड किती वर्षे मिळेल आणि त्याची किंमत काय, हे छापणे बंधनकारक करावे. बोर्ड निरनिराळ्या मॉडेलना चालेल असा ठेवता आला तर फारच उत्तम. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना हे बोर्ड तपासण्याचा आणि बदलण्याचा भरपूर सराव मिळावा. आणि नाक्यावरच्या जुन्या कारागिरांसाठी महावितरणने किंवा कंपन्यांनी दोन-चार दिवसांचे मोफत वर्ग घ्यावेत. आमचे काका पहिल्या रांगेत बसायला तयार आहेत.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)